विहिरीत गेरू लागला : काळ्या पाषाणाच्या खाली ही तांबडी माती आली कुठून?

माळरान | ९ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. आमचं गाव पारनेर तालुक्यात. आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खणलेली पाच परस (पुरुष) खोल विहीर आहे. यंदा मार्चमध्येच तळ दिसला, म्हणून खोलवायला घेतली. काल सत्तेचाळीस फुटांवर सुरुंग उडवला आणि क्रेनच्या डब्यातून वर आला तो सगळा तांबडा राडारोडा. क्रेनवाले म्हणाले, "गेरू लागला. आता खाली जायचं का, ते तुम्ही ठरवा."

आज दुपारी शिडीने खाली उतरलो आणि टेप लावून भिंत वरपासून खालपर्यंत मोजली. वर चार फूट काळी माती, मग अकरा फुटांपर्यंत मुरूम. तिथून चोवीस फुटांपर्यंत मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, पहारीला दाद देणारा दगड. पुढे सत्तेचाळीसपर्यंत सलग काळा पाषाण. त्याच्या खाली दोन फूट गेरू, आणि गेरू संपल्यावर पुन्हा मांजऱ्या.

गेरूचा वरचा वीतभर पट्टा भट्टीतून काढलेल्या विटेसारखा लालभडक आणि कडक आहे. खाली जावं तसा तो चॉकलेटी आणि मऊ होत जातो. नख लावलं तर साबणासारखा कापला जातो, ओला केला की बोटाला चिकटतो. त्याच्या लगेच वर, काळ्या पाषाणाच्या शेवटच्या हातभर भागात, करंगळीएवढ्या उभ्या नळ्या आहेत. काही पोकळ, काही पांढऱ्या गारेने, म्हणजे गारगोटीने, भरलेल्या.

पाण्याचं काय होईल ते होईल, पण कालपासून एकच विचार डोक्यात आहे. एवढा तेवीस फुटांचा अभंग पाषाण, आणि त्याच्या पोटाखाली माती. माती आधीची असेल, तर हा पाषाण तिच्यावर आला कसा? जाणकारांनी सांगावं.

---

पाचपरस | ९ मे, रात्री १०.३५

दादा, आमच्या वडिलांचा जन्म विहिरी खणण्यात गेला, मीही वीस वर्षं तेच काम केलं. आधी कामाचं सांगतो. गेरू उघडा ठेवू नका. आज तो भिंतीसारखा उभा दिसतो, पण दोन पावसाळे ओला-सुका झाला की भुगा होऊन गळतो. खालचा आधार गेला की वरच्या पाषाणाच्या शिळा सुटतात. मी अशी एक बाजू बसताना पाहिली आहे. जेवणाची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. गेरूच्या खाली फूटभर आणि वर फूटभर धरून कडं बांधून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर गेरू स्वतः पाणी देत नाही, वरचं पाणी अडवतो. त्याच्या माथ्यावर पाषाणाला फटी असतील तर तिथून पाझर येतो. खालचा मांजऱ्या कुजलेला असेल तर त्यालाही पाणी असू शकतं. वडील म्हणायचे, गेरू लागला म्हणजे एक खडक संपला आणि दुसरा सुरू झाला. असं का, ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही. म्हणून या धाग्यावर बसून आहे.

---

रानवाटा | १० मे, सकाळी ७.१५

हा थर म्हणजे डायनासोर मेले तेव्हा जगभर पडलेली राख असणार. सह्याद्रीतली सगळी टोकदार शिखरं पूर्वीच्या ज्वालामुखींची तोंडं आहेत असं ऐकलंय. त्यातूनच वरचा लाव्हा आला असेल.

---

खडकवाचक | १० मे, दुपारी १.०५

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. माळरान, तुम्ही टेप लावून जी नोंद केलीत तशी माझे विद्यार्थीसुद्धा पहिल्या वर्षी करत नाहीत. त्या नोंदीवरच उत्तर देतो.

तुमचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. तो पातळ होता, सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस तापलेला. उतार मिळेल तिकडे तो पाण्यासारखा पसरला आणि थिजला. काही काळ गेला, पुन्हा उद्रेक झाला, नवा थर जुन्यावर बसला. असे थरावर थर साचत गेले. आज हा बसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर दिसतो, आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्या सगळ्या थरांची एकत्र जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. याला दख्खनचे ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून आला. आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, ते त्यातच आलं.

आता एक थर घ्या. लाव्हात विरघळलेले वायू वर जायला धडपडतात आणि वरची साय थिजली की तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा बुडबुड्यांनी चाळणीसारखा होतो. पुढे लाखो वर्षांत त्या पोकळ्यांतून गरम, खनिजं विरघळलेलं पाणी फिरतं आणि त्या झिओलाइट, कॅल्साइट, गार यांनी भरतात. तुमच्या मांजऱ्यातले पांढरे ठिपके ते हेच. थराचं पोट मात्र सावकाश निवतं, तिथे बुडबुडे नसतात, म्हणून तो घट्ट, अभंग पाषाण. आणि तळाशी, जिथे तापलेला लाव्हा ओलसर जमिनीवर सरकला, तिथे खालून वाफ आणि वायू वर घुसले. तुमच्या करंगळीएवढ्या नळ्या त्या वाफेच्या वाटा आहेत.

म्हणजे अकरा फुटांपासून सत्तेचाळीसपर्यंत तुम्ही एका लाव्ह्याचा माथा, पोट आणि तळवा असं सगळं पाहिलंत. वरची काळी आणि मुरूम ही त्याच थराची आजच्या ऊनपावसाने केलेली माती. आता हेच ६.६ कोटी वर्षं मागे नेऊन बघा. खालचा मांजऱ्या हा आधीच्या लाव्ह्याचा माथा. तो थिजला, थंड झाला, उघडा पडून राहिला. त्याच्यावर पाऊस पडला, ऊन तापलं, दगड कुजला, त्यातलं लोखंड गंजून तांबडं झालं. काही ठिकाणी वाऱ्याने आलेली ज्वालामुखीची राखही त्यात मिसळते. थोडक्यात, त्या काळचा मुरूम आणि माती. मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली. वरचा वीतभर पट्टा विटेसारखा का, हे तुम्हीच लिहिलंय. तो खरोखर भाजला गेलाय.

तेव्हा पाचपरस, तुमच्या वडिलांचं वाक्य अक्षरशः बरोबर आहे. एक खडक संपला आणि दुसरा सुरू झाला, आणि त्या दोघांच्या मधला जो रिकामा काळ, तो म्हणजे गेरू. किती वर्षं, हे नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही. पाऊसमान, उतार, राख किती पडली, यावर ते ठरतं. पण दगड कुजून माती व्हायला जो वेळ लागतो तेवढी विश्रांती तिथे नक्की होती.

रानवाटा, तुमच्या दोन्ही मुद्द्यांबद्दल. गेरूचे थर एक नाहीत, अनेक आहेत आणि वेगवेगळ्या उंचीवर आहेत, त्यामुळे ते एका दिवसाच्या राखेचे असू शकत नाहीत. डायनासोरांशी या काळाचा संबंध मात्र खरा आहे. मेक्सिकोतल्या चिक्षुलूबची उल्का पडली तेव्हा आपल्याकडे हे उद्रेक सुरू होते. आणि उद्रेकांचा काळ ठरवायला याच तांबड्या थरांचा उपयोग झाला. त्यांतल्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण मिळतात. त्यांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून २०१५ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत थरांची वयं काढली गेली. बसाल्टचा बराच मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत साचला, असं त्यातून दिसतं.

शिखरांचं म्हणाल तर ती ज्वालामुखीची तोंडं नाहीत. कळसूबाईच्या माथ्यापर्यंत आडवे थरच आहेत. ज्या भेगांतून लाव्हा आला त्या भेगांत थिजलेल्या दगडाच्या भिंती, म्हणजे डाइक, धुळे-नंदुरबारकडे शेकड्यांनी दिसतात, संगमनेर भागातही आहेत. शेतातून सरळ रेषेत, कुणी बांध घातल्यासारखी दगडांची रांग गेलेली दिसली की ती नीट बघा.

---

उत्तरवारा | १० मे, रात्री ११.२०

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या युरोपात. २०२१ मध्ये आइसलँडला फाग्राडाल्सफ्याल ज्वालामुखीचा उद्रेक सुरू असताना तिथे गेलो होतो. खडकवाचक सरांनी जे लिहिलंय त्यातलं थोडंसं डोळ्यांनी पाहिलं.

लाव्ह्याची कड नदीसारखी धावत नव्हती. वर राखाडी, चंदेरी झाक असलेली साय, दुधावर सुरकुत्या पडतात तशा सुरकुत्यांची. ती साय हळूहळू फुगायची आणि मग कुठेतरी फाटून खालून केशरी जीभ बाहेर यायची. दोनेक मिनिटांत तीही काळवंडायची. थंड होताना काच तडकावी तसा सतत बारीक आवाज येत होता. जीभ ओल्या शेवाळावरून सरकली की कडेने वाफ निघायची. माळरान, तुमच्या नळ्यांचं वाचलं आणि ती वाफ पुन्हा समोर आली.

आणखी एक. तिथे जमीन वर चढताना दिसत होती. एका दरीत आठवड्यापूर्वी लोक उभे राहिलेली जागा आता लाव्ह्याखाली होती.

---

पदरवाट | ११ मे, सकाळी ६.४०

वीस वर्षं गड चढतोय. आपल्या भाषेत या थरांना आधीपासून नावं आहेत, हे मला आज लक्षात आलं. कडा, पदर, माची, बालेकिल्ला. कडा म्हणजे सरांनी सांगितलेलं थराचं पोट. ते घट्ट असतं, उभ्या भेगांनी तुटतं, म्हणून सरळसोट उभं राहतं. पदर म्हणजे दोन कड्यांच्या मधली सपाटी. तिथे बुडबुड्यांचा मऊ माथा आणि गेरू असतो, तो झिजून आत जातो, वरचा कडा मागे सरतो. पदरातून आडवं चालत गेलं की उजव्या हाताला कड्याच्या पायथ्याशी तांबडी रेघ कितीतरी वेळ सोबत येते. मी पाहिलेल्या बऱ्याच गडांवर पाण्याची टाकी आणि कपारी याच रेघेच्या आसपास आहेत. वरून झिरपलेलं पाणी गेरूवर थांबतं, हे टाकी खोदणाऱ्यांनी ओळखलं असणार.

माथेरानला गेलात तर एका पॉइंटवर उभं राहून समोरच्या डोंगरांचे पट्टे बघा आणि आपल्या पायाखालच्या कड्याचे बघा. मधे एवढी मोठी दरी, पण पट्टे समोरासमोर जुळतात. सलग चादर होती, मधला भाग पावसाने आणि नद्यांनी नेला.

---

खडकवाचक | ११ मे, दुपारी १२.३०

पदरवाट, अगदी हेच. सह्याद्री जमिनीतून वर उचललेल्या रांगेसारखा उभा राहिला नाही. ते एक पठार होतं. लाव्ह्याच्या काळाच्या शेवटी सेशेल्सचा भूभाग भारतापासून वेगळा झाला, मधे समुद्र उघडला, पश्चिमेची कड तुटली. मुंबई-पनवेलच्या बाजूला थर आडवे राहत नाहीत, समुद्राकडे कललेले दिसतात, ते त्याच घडामोडीतलं. त्या तुटलेल्या कडेवर पावसाचा मारा सुरू झाला तो आजही सुरू आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. सावित्रीसारख्या नद्या काही तासांच्या वाटेवर समुद्राला मिळतात, त्यांचा उतार तीव्र, म्हणून त्या डोंगर मागे खात येतात. त्याच महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा मात्र पूर्वेला सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत रमतगमत जाते. कोकणातून पाहिला तर सह्याद्री भिंत वाटतो आणि देशावरून नुसता उंचवटा, त्याचं कारण हे.

पाण्याचं काम पाहायला माळरानांना लांब जायला नको. निघोज तुमच्याच तालुक्यात आहे.

---

माळरान | ११ मे, रात्री ९.१०

निघोजला लहानपणापासून मळगंगेच्या यात्रेला जातोय. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहून मोठे झालो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी एका खळग्यात हात घालायचो, तळाशी गुळगुळीत गोटे असायचे, काही अंड्याएवढे, काही नारळाएवढे. घरी आणले की आजी परत नेऊन ठेवायला लावायची. देवीचे आहेत म्हणायची. पुरात पाण्याला भोवरा पडतो, गोटा त्यात गरगर फिरतो आणि रांजण कोरतो, हे शाळेत शिकलो. पण ज्या पाषाणात सुरुंगाचं भोक पाडायला मशीनला घाम फुटतो तो तसल्या गोट्यांनी कोरलाय, हे या आठवड्यात पहिल्यांदा अंगावर आलं.

---

चिरेखाण | १२ मे, सकाळी ८.००

राजापूरहून लिहितोय. आमच्याकडे या सगळ्या काळ्या दगडावर जांभा आहे. तोही बसाल्टपासूनच झालेला, पण फार कुजून. उष्ण हवा, चार महिने धो धो पाऊस, मग आठ महिने कोरडं. पाण्याने दगडातली सिलिका आणि विरघळणारं बाकीचं नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनिअम मागे राहिलं. खाणीतून काढताना चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, ओलसर आणि नरम असतो, कटरने लोण्यासारखा निघतो. वाऱ्याला ठेवला की कडक होतो. आमचं घर ऐंशी वर्षांचं, चिऱ्याचं, पावसाळ्यागणिक अधिक पक्कं झालेलं.

वर जो सपाट सडा राहतो त्यावर मातीचा पापुद्राच असतो. त्याच सड्यावर आमच्या भागातली कातळशिल्पं कोरलेली आहेत. ज्यांनी कोरली त्यांना हा दगड कळत होता. पृष्ठभागावरचं कडक कवच जरा तोडलं की आत मऊ लागतं. आज तेच सडे चिऱ्यांसाठी सपाट्याने कापले जातायत. चिरा आमची भाकरी आहे, हे मी खाणवाल्याच्या घरातला म्हणून सांगतो, पण शिल्पं असलेला सडा सोडला पाहिजे. तो पुन्हा तयार होणार नाही.

---

नागनदी | १२ मे, दुपारी ३.४५

भाऊ, आमच्या नागपूरला तुमची चादर विरत आलेली असते. पश्चिमेला किलोमीटरची जाडी, इथे ती एवढी पातळ की शहराच्या एका बाजूला बसाल्ट आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी आधीचा नाईस नावाचा खडक. थरांमधला रिकामा काळ मात्र आमच्याकडे जास्त बोलका आहे. नागपूरच्या टाकळीला दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्याच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप यांनी त्यांची नोंद केली. आमचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर लाव्ह्याच्या खालच्या थरात डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते.

म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे तळी भरत होती, गोगलगाई सरपटत होत्या. मुंबईत वरळीच्या असल्याच थरात बेडकांचे सांगाडे सापडलेत. पाऊस पडून गेल्यावर त्या काळच्या मुंबईत बेडूक ओरडत असतील, हा विचार मला फार आवडतो.

---

सावित्रीकाठ | १२ मे, रात्री १०.०५

महाड तालुक्यातून. पदराबद्दल वाचताना हात थांबला. पदरावर सपाटी असते, झरा असतो, म्हणूनच आमच्या वाड्या पदरावर किंवा कड्याच्या पायथ्याला वसल्या. आणि कड्यावरून सुटलेला सगळा दगड-माती तिथेच येऊन साचतो. माळीण, ३० जुलै २०१४. आमचं तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही वेळा मुसळधार पाऊस, तिन्ही वेळा जुलै. कातळावर बसलेली माती पाण्याने जड होते आणि घसरते. डोंगर झिजतो ते असंही झिजतो. उतारावर नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा झाडं कलली तर वाट बघू नका, माणसं हलवा. वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही हे सांगा, बाहेरून कोणी येऊन सांगेपर्यंत थांबू नका.

---

पाचपरस | १३ मे, सकाळी ६.३०

सावित्रीकाठ, तुमचं खरं आहे. आम्ही आता मे संपायच्या आत काम बंद करतो, पहिल्या पावसात विहिरीत माणूस उतरवत नाही.

सर, एक विचारतो. त्या नळ्या आम्ही शेकडो वेळा पाहिल्या. आम्ही त्यांना बोटं म्हणतो. कधी सरळ असतात, कधी वाकलेल्या. त्याला काही अर्थ आहे का?

---

खडकवाचक | १३ मे, दुपारी २.१५

आहे, आणि फार चांगला अर्थ आहे. वाफ खालून वर चढत होती आणि त्याच वेळी लाव्हा पुढे सरकत होता. त्यामुळे नळीचं वरचं टोक लाव्ह्याबरोबर ओढलं जातं. नळ्या ज्या बाजूला झुकतात त्या बाजूला तो लाव्हा त्या जागी वाहत होता.

माळरान, बांधकामाआधी जमलं तर मोजा. दोन गोष्टी सांभाळा. होकायंत्र भिंतीला लावू नका. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, शिवाय क्रेनचं लोखंड, त्यामुळे सुई फसते. दिशा बाहेर, क्रेनपासून लांब ठरवा आणि ती आत न्या. आणि एका जागेच्या नळ्यांवरून पूर्ण लाव्ह्याची दिशा ठरत नाही. उत्तरवारा यांनी लिहिल्याप्रमाणे प्रत्येक जीभ आपल्या उताराने जाते. विहिरीच्या चारही बाजूंच्या नळ्या बघा.

---

माळरान | १७ मे, रात्री ८.२५

मोजलं.

क्रेन यायच्या आधी सकाळी शेताच्या बांधावर होकायंत्र ठेवून उत्तर धरली आणि तीच रेघ धरून विहिरीच्या तोंडावर सुतळी ताणली. सुतळीच्या दोन्ही टोकांना गवंड्याचे ओळंबे खालपर्यंत सोडले. खाली पाणी हातभर होतं, ओळंबे डोलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग त्या दोन दोऱ्यांच्या रेघेवरून एकेका नळीचा कल मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने घेतला. एकूण अकरा नळ्या नीट दिसत होत्या. आठ पूर्वेकडे, जराशा दक्षिणेला धरून झुकलेल्या. दोन सरळ उभ्या. उत्तरेच्या भिंतीतली एकच चक्क उलट, पश्चिमेला.

पाझर आहे तो गेरूच्या माथ्यावरूनच, दक्षिणेच्या बाजूला दोन ठिकाणी. रात्रभरात पाणी दीड फूट चढतं. खालच्या मांजऱ्यात अजून सहा फूट जायचं ठरवलंय. गेरूचं कडं उद्यापासून बांधायला घेतोय, पाचपरस यांनी सांगितलं तसंच, फक्त वरचं फूटभर पूर्वेच्या भिंतीत दोन फूट सोडून. तिथला पाषाण गवंड्याने ठोकून पाहिला, पक्का आहे, आणि नळ्या तिथेच सगळ्यात स्पष्ट आहेत. शिडीवरून हात पोचतो.

सर, ती पश्चिमेकडची एक नळी अशी का असेल?